मिस्त्रींचे खरखरीत हात

मिस्त्रींनी रंगवलेल्या भिंतीवर माशी बसली तर घसरून पडते, असं त्यांचा जोडीदार लांबू सगळ्यांना सांगत असे. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. घर रंगवायला घेतलं की मिस्त्री आधी भिंत खरवडणार, मग तिच्या भेगा पुट्टीने बुजवणार, मग पॉलिश पेपरने घासणार, मग पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. रंगाचा पहिला हात मारायची वेळ येईपर्यंत घरमालकाच्या तोंडाला फेस आलेला असे. "अहो, भिंत आहे ती, आरसा नाही!" असं एखादा म्हणालाच, तर मिस्त्री त्याच्याकडे असे बघत, की काम संपेपर्यंत तो स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरे.

आता ज्या माणसाने पस्तीस वर्षं लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या, त्याच्या हातांची दशा काय सांगावी! तळव्यांतली अर्धी ओल सिमेंटने आणि चुन्याने पिऊन टाकली होती आणि उरलेली रोज संध्याकाळी थिनर धुऊन नेत असे. उन्हाळ्यात ते हात नुसते खरखरीत असत. थंडी पडली की त्यांना भेगा पडत, आणि भेगांमध्ये पुट्टी जाऊन बसे.

आणि हातांचंच काय घेऊन बसलात, थंडीत सबंध मिस्त्रीच तडकत. ओठ इतके फुटत, की लांबूने विनोद सांगायला तोंड उघडलं की ते स्वतःचं तोंड दाबून धरत आणि "नको रे, रक्त येईल" म्हणत. गालांवर पांढरे पापुद्रे सुटत. ती पुट्टी की कातडी, हे अंघोळ झाल्याशिवाय कळत नसे. टाचांच्या भेगांत चादरीचे धागे अडकत आणि सकाळी मिस्त्री उठले की चादरही त्यांच्याबरोबर न्हाणीघरापर्यंत जाई. "या माणसाशेजारी झोपायचं म्हणजे कानस उशाला घेऊन झोपायचं," असं त्यांची बायको शेजारणीला सांगे. मिस्त्री ते ऐकत आणि सोडून देत. कातडीचे लाड करावेत ते रिकामटेकड्यांनी, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मतावर ते पस्तीस हिवाळे ठाम होते.

ते मत बदलायला साडेपाच किलोचं एक माणूस यावं लागलं.

जावयाला महिनाभर कामासाठी बाहेर जायचं होतं, म्हणून लेक आपल्या तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन तेवढे दिवस राहायला आली. पहिला आठवडा मिस्त्रींना सणसणीत सर्दी होती. ते तोंडाला फडकं बांधून दारातूनच नातीला बघत. नात टक लावून त्यांच्याकडे बघे, कपाळाला आठ्या घाली आणि मान फिरवी. तिचा हा आविर्भाव मिस्त्रींच्या चांगल्या ओळखीचा होता. रंगाचा नमुना दाखवल्यावर घराच्या मालकिणी नेमकं हेच करतात. म्हणून त्यांनी तिचं नाव मालकीणबाई ठेवलं.

सर्दी गेली त्या रविवारी सकाळी मिस्त्री नवा सदरा घालून, हात तीनदा साबणाने धुऊन, मालकीणबाईंच्या पुढे हजर झाले. हलक्या हाताने, अगदी पहिल्या हाताचा रंग लावावा तितक्या हलक्या हाताने, त्यांनी एक बोट तिच्या गालावरून फिरवलं.

गालावर लाल रेघ उमटली. मालकीणबाईंनी एक क्षण विचार केला आणि मग असा टाहो फोडला, की खालच्या मजल्यावरची म्हातारी "काय झालं, काय झालं" करत जिन्यात आली.

"बाबा!" लेकीने पोरीला उचलून घेतलं. उचलताना मिस्त्रींचा दुसरा हात तिच्या लोकरी झबल्यात अडकला आणि एक धागा वीतभर बाहेर आला.

"मी काही केलं नाही. नुसतं..."

"माहितीये मला, नुसतं. पण राग मानू नका, हिला हात नका लावू. ही बघा रेघ! तिची कातडी आधीच या थंडीने कोरडी पडलीय."

"छे, राग कसला," मिस्त्री म्हणाले, "मला कामावर जायचंय." आणि ते चपला घालून बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर त्यांना आठवलं, की आज रविवार. पण लगेच परत जायची लाज वाटली, म्हणून ते तासभर बंद दुकानांच्या पाट्या वाचत हिंडले. त्यांना फार लागलं होतं. पस्तीस वर्षांत घरमालकांनी त्यांना नाही नाही ते सुनावलं होतं, पण हात लावू नका असं कुणी म्हटलं नव्हतं.

तीन आठवडे उरले होते. तेवढ्यात एकदा तरी नातीला मांडीवर घ्यायचं, आणि तिने रडायचं नाही, एवढंच आता मिस्त्रींना हवं होतं.

सोमवारी ते औषधांच्या दुकानात गेले.

"कोरड्या कातडीला काहीतरी द्या."

"चेहऱ्यासाठी, हातांसाठी, पायांसाठी की अंगासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"आत-बाहेर सगळीकडे एकच लावलं तर नाही चालणार?"

"म्हणजे?"

"तुम्ही द्या हो चांगलं. एका डबीत किती चौरस फूट होतात?"

दुकानदाराने चष्मा काढला. मिस्त्रींनी तोवर स्वतःच हिशेब केला होता. आपलं अंग धरून चालू वीस चौरस फूट, म्हणजे एका दाराची एक बाजू. "आणि दुसरा हात किती वेळाने मारायचा? पहिला वाळल्यावर की ओला असताना?" दुकानदाराला यातलं अवाक्षर कळलं नाही. त्याने सगळ्यात मोठी डबी पुढे केली आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. खरं म्हणजे मिस्त्रींनी विचारलेला तो शेवटचा प्रश्न लाखमोलाचा होता. दुकानदाराने त्याचं उत्तर दिलं असतं तर पुढचा तमाशा टळला असता.

आठवडाभर मिस्त्रींनी इमानेइतबारे ते मलम लावलं. रोज संध्याकाळी थिनरने हात धुवायचे, कढत पाण्याने अंघोळ करायची, अंग खसाखसा पुसायचं, अर्धा तास शेकोटीसारख्या हीटरसमोर बसायचं, आणि अंग पापडासारखं खडखडीत वाळलं की मग मलम. मलम वरच्या वर राही. सकाळी ते चादरीला लागलेलं असे आणि भेगा जागच्या जागी असत. शनिवारी त्यांनी बायकोच्या जुन्या रेशमी रुमालावरून बोट फिरवून बघितलं. रुमाल बोटाला चिकटून वर आला.

"जुन्या लाकडाला काय करतो आपण?" लांबू म्हणाला. हा लांबू शिडी न घेता छताला ब्रश लावत असे आणि त्यामुळे आपली नजर इतरांपेक्षा दूरवर पोचते असा त्याचा समज होता. "वाळलेलं दार किती तेल पितं! दोन हात मारले की कसं तकाकतं!"

त्यावर मिस्त्रींनी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण माणूस अडचणीत आला की कुणाचंही ऐकतो. दारं-खिडक्यांना लावायचं जवसाचं उकळलेलं तेल वाळून त्याचा पापुद्रा होतो, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं असं नाही. ते पस्तीस वर्षं तो पापुद्रा लोकांच्या दारांवर चढवत होते. पण ते लाकडाच्या बाबतीत! आपण लाकूड नाही, तेव्हा आपल्यावर ते वाळणार नाही, असा काहीतरी हिशेब त्यांनी केला असावा. रविवारी दुपारी बायको बाजारात गेल्याचं बघून त्यांनी चेहरा, मान, हात, पाय, सगळीकडे ब्रशने ते तेल लावलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत, गॅलरीतल्या उन्हात, पेपर वाचत बसले. ऊन छान होतं. त्यांना डुलकी लागली.

बायको परत आली तेव्हा घरभर नव्या दाराचा वास सुटला होता. "अहो, कुणाचं दार रंगवताय?" असं विचारत ती गॅलरीत आली. मिस्त्री दचकून उठले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. उजव्या हाताला पेपर चिकटला होता. भुवया एका जागी पक्क्या झाल्यामुळे चेहऱ्यावर जो आश्चर्याचा भाव होता, तो काही केल्या जाईना.

"हे काय करून घेतलंत?" बायको ओरडली.

मिस्त्रींनी ओठ न हलवता खुलासा करायचा प्रयत्न केला. तेवढ्यात लेक आली. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग खुर्चीकडे, आणि पोरीला घाईघाईने आईच्या हातात देऊन ती जमिनीवर बसून हसायला लागली. महिनोन्महिन्यांची जाग्रणं झालेली ती मुलगी, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढचे दोन तास मायलेकींनी खायचं तेल आणि चिंध्या घेऊन मिस्त्रींना सोडवलं. पेपर निघाला, पण हवामानाचा अंदाज दंडावर उलटा छापलेला राहिला. थंडी आणखी वाढणार होती.

"कशासाठी हे उपद्व्याप?" लेकीने त्यांचं मनगट पुसताना विचारलं.

"पोर न्यायची आहेस ना तू," मिस्त्री म्हणाले, "एकदा घेऊ तरी दे."

पुसताना लेकीचा हात हळू झाला.

दोन आठवडे उरले आणि कातडी आता लालभडक झाली होती. सोमवारी मिस्त्री पडेल चेहऱ्याने कामावर गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना रंगवायचं काम चालू होतं. मागच्या अडगळीच्या खोलीला नुसता चुना मारायचा होता, म्हणून ती लांबूवर सोपवलेली. लांबूने बादलीत ब्रश बुडवला आणि थेट भिंतीला लावला.

"अरे, आधी पाणी मार!" मिस्त्री खेकसले. "कोरड्या भिंतीने कधी चुना धरलाय? उद्या हात लावशील तर पीठ होऊन हातात येईल. भिंत ओली पाहिजे, ओली! ओली असतानाच..."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग लांबूकडे बघितलं. मग "मी येतो जरा" म्हणून ते नळाखाली हात धरायला गेले, ते मलमाची डबी आणायला घरीच गेले. लांबू ओला ब्रश हातात धरून तसाच उभा.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी स्वतःला कामावर घेतलं. बटाटे उकडतील अशा पाण्याने अंघोळ करणारा हा माणूस कोमट पाण्याचे चार तांबे घेऊन बाहेर येऊ लागला. अंग खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ओल आहे तोवर डोक्यापासून पायापर्यंत मलमाचा जाड हात मारायचा. चेहऱ्याला, ओठांना, कोपरांना, टाचांना. टाचांवर मोजे, हातांवर सुती हातमोजे. पाठ तेवढी बायकोच्या वाट्याला आली.

"वरून खाली ये. आता आडवा हात फिरव. कडा सुटल्या बघ."

"मी भिंत रंगवत नाहीये," बायको म्हणे आणि कडा मुद्दाम सोडून देई.

पण सगळ्यात मोठा त्याग वेगळाच होता. या दोन आठवड्यांत पुट्टीला हात लावायचा नाही, थिनरला नाही, पॉलिश पेपरला तर नाहीच नाही. दवाखान्याच्या भिंती लांबू घासू लागला आणि मिस्त्री हातमोजे घालून, हात मागे बांधून, त्याच्या पाठीशी उभे राहू लागले. "डावीकडे लाट आली." "कोपरा राहिला." "हे काय, शेत नांगरतोयस का?" आजवर फोनवरूनच कामं सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई तिसऱ्या दिवशी पहिल्यांदाच आल्या, आणि पांढऱ्या हातमोज्यांतल्या या गृहस्थांना कुणी मोठे अधिकारी समजून त्यांनी खुर्ची मागवली. लांबूने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अबोला धरला.

दुसऱ्या आठवड्यात हातांवरची जाड साल निघू लागली. खालून मिस्त्रींच्याही ओळखीची नसलेली गुलाबी कातडी वर आली. हातमोजे काढून त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर सवयीने तळवा फिरवला आणि ते चरकले. भिंतीवर रवाळ कण होते. ती लांबूची भिंत, म्हणून ते शेजारच्या खोलीत गेले. ती महिन्यापूर्वी त्यांनी स्वतः घासली होती. तिच्यावरही कण होते! म्हणजे पस्तीस वर्षं आपण कशाला गुळगुळीत म्हणत आलो? लांबूची ती माशी आता त्यांना अगदीच थाप वाटू लागली. ही गोष्ट त्यांनी जन्मभर कुणाला सांगितली नाही.

घरीही तेच. कपाच्या कानाला टवका होता, तो त्यांना पहिल्यांदाच कळला. भांडी विसळणाऱ्या बायकोच्या हातून ताट घेताना तिची बोटं लागली, तर ती चक्क खरखरीत.

"तुझे हात कधीपासून असे?"

"लग्नापासून," बायको म्हणाली. "तुमच्यापुढे माझे कुणाला दिसणार?"

मिस्त्रींनी तिचे ओले हात तसेच धरले आणि डबीतलं उरलेलं मलम त्यांना लावलं. "कडा सोडू नका," ती म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं, हे दिसत होतं.

शनिवार उजाडला. जावई दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होता. लेकीने बॅगा भरायला घेतल्या होत्या. मिस्त्रींनी रेशमी रुमालावर बोट फिरवलं, आणि रुमाल जागचा हलला नाही. मग ते लेकीपुढे दोन्ही तळवे पसरून उभे राहिले. लेकीने एक हात उचलला आणि स्वतःच्या गालावरून फिरवून बघितला. ती जरा दचकलीच.

"पास?" मिस्त्रींनी विचारलं.

"बसा," ती म्हणाली.

मिस्त्री पलंगावर मांडी घालून बसले आणि मालकीणबाई त्यांच्या डाव्या हातावर आल्या. त्यांनी आजोबांचा चेहरा नीट तपासला, कपाळाला आठ्या घातल्या. मिस्त्रींनी उजव्या हाताचं बोट तिच्या गालावरून फिरवलं. रेघ उमटली नाही. मालकीणबाईंनी ते बोट मुठीत पकडलं, तोंडात घालून बघितलं, मलमाची चव न आवडून बाहेर काढलं, पण मुठीतून काही सोडलं नाही. मिस्त्री इतके हसले, की थंडीच्या आधीही ते इतके हसले नसतील. ओठ फुटले नाहीत.

लेक त्यांच्याकडे पाठ करून शेजारी टेकली.

"बाबा, जरा माझ्या पाठीवरून हात फिरवा ना. या कोरड्या हवेने महिनाभर पाठ नुसती पेटलीय. कंगवा झाला, पट्टी झाली, भिंतीला पाठ घासून झाली. हातच लावू नका म्हटल्यावर मागायचं तरी कुठल्या तोंडाने?"

मिस्त्रींनी नातीच्या मुठीतून बोट हळूच सोडवलं आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला. हात लोण्यासारखा खाली घसरला. पुन्हा वर नेला, पुन्हा घसरला.

"जोरात."

मिस्त्रींनी जोर केला.

"अहो, हे काय? नीट फिरवा ना, पहिल्यासारखा!"

"हाच आहे गं हात."

लेक वळली. तिने त्यांचा तळवा उलटासुलटा करून बघितला आणि तिचे डोळे भरून आले. "लहानपणी मी झोपायचे ती या हातावर. तुम्ही पाठीवरून एकदा वरून खाली हात न्यायचात, आणि संपलं! सासरी कधी झोप नाही आली की मला तोच हात आठवतो. आणि मीच तुम्हाला सांगितलं..."

मिस्त्री थक्क होऊन बघत राहिले. आपल्या खरखरीत हातांची आजवर सगळ्यांनी तक्रारच केली होती. ते हात कुणाला हवेसे असतील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"नखांनी खाजवू का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"नको. ते वेगळं."

"मग असं करू," मिस्त्री म्हणाले, आणि दवाखान्याच्या उरलेल्या भिंतींचा त्यांनी मनातल्या मनात अंदाज घेतला. "आठ दिवस दे. सोमवारपासून घासायला लागतो. डाव्या हातात हातमोजा राहील, तो हात मालकीणबाईंचा. उजवा तुझा."

लेकीने नाक पुसलं, अर्धवट भरलेली बॅग पायाने पलंगाखाली ढकलली आणि नवऱ्याला फोन लावला.

"उद्या येऊ नकोस. पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली. "नाही रे, सगळे ठीक आहेत. बाबांचा उजवा हात तेवढा अजून नीट झालेला नाही."